ती कादंबरी कपाटातून बाहेर काढा : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही एक इंग्रजी कादंबरी देवघेवीतून काढली. रॅकवरून उचलून ती सचिवांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. एवढ्यावर थांबला असता तर मी येऊन तुमच्याशी भांडले असते, चहा घेतला असता आणि घरी गेले असते. पण त्याच बैठकीत तुम्ही देवघेवीची नोंदवही मागवली, कादंबरी कोणी कोणी नेली ती नावं काढली आणि त्यातल्या काहींच्या घरी फोन केले. ही गोष्ट चहावर मिटण्यातली नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे आणि गावालाही आहे.

मी या वाचनालयाची आजीव सभासद आहे, बस स्टँडमागे संगणकाचा वर्ग चालवते. ही कादंबरी मागणी वहीत मीच लिहिली होती आणि आल्यावर पहिल्यांदा नेलीही मीच. खाली नाव लिहीत नाही. ते तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे, तुम्हाला शोधावं लागणार नाही.

कादंबरी काय आहे ते आधी सांगते, कारण बैठकीत बसलेल्यांपैकी ती कोणी वाचलेली नाही. हा माझा आरोप नाही. अध्यक्ष महोदयांनीच सांगितलं, "मागच्या पानावरचं वाचलं, तेवढं पुरे." तर अमेरिकेतल्या एका लहान शहरातले दोन तरुण. एक कॉमिक्सच्या दुकानात काम करतो. दुसरा दवाखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री शिलाई मशीनवर बसून कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्रासारखं नटायचे, पोशाख शिवतो. दोघंही एकाच अंतराळ मालिकेचे वेडे. मालिकेचा शेवट बरोबर होता की चूक, यावरून दोघं इंटरनेटवर टोपणनावांनी वर्षानुवर्षं भांडतात, एकमेकांच्या फॅन फिक्शनखाली, म्हणजे चाहत्यांनी मालिकेवर रचलेल्या गोष्टींखाली, खवचट शेरे लिहितात. आणि दर शनिवारी एकाच टेबलावर फासे टाकून खेळायला बसतात, तेव्हा समोरचा तोच आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. हळूहळू जमतं. मग खरं काय ते कळतं, मग बिनसतं. शेवट गोड आहे. मधली चाळीसेक पानं ताणली आहेत आणि दुकानवाल्याचा एक मित्र उगाच शहाणपण वाटत फिरतो, असं माझं मत. थोर साहित्य नाही. रविवारी दुपारी लोळत संपवायचं पुस्तक आहे. तशी पुस्तकं आपल्याकडे ढिगानं आहेत आणि ती असायलाच हवीत. फरक एवढाच, की यात प्रेम दोन पुरुषांचं आहे आणि शेवटी दोघंही जिवंत असतात, सुखात असतात.

ठरावातलं पहिलं कारण असं : "सदर पुस्तक आपल्या भागातील संस्कृतीशी विसंगत आहे."

आपला भाग म्हणजे झाडीपट्टी, पूर्व विदर्भातला धानाचा पट्टा. धान घरात येतं, दिवाळी होते, मंडईची जत्रा भरते, दंडार हे आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य उभं राहतं. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव शामियाने ठोकतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेस्तोवर चालतं. झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अभिनंदनाचा फलक याच वाचनालयाच्या दारावर लागला होता, आणि योग्यच झालं. त्याच झाडीपट्टीच्या दंडारीत लुगडं नेसून, टिकली लावून नाचणारा पुरुष पाहतच आपल्या आज्या म्हाताऱ्या झाल्या. कोणत्या नटाचा आवाज कसा लागतो, कोणत्या कंपनीनं कोणता प्रवेश गाळला, यावर आपल्या पानठेल्यावर सकाळभर वाद चालतो. कादंबरीतली पोरं वेगळं काय करतात? आवडत्या पात्राचा पोशाख स्वतःच्या हातानं शिवतात, तोंड रंगवतात आणि चारचौघांत उभी राहतात. तान्ह्या पोळ्याला आपण आपल्याच लेकरांना राजा, राणी, शेतकरी, सैनिक बनवून लाकडी बैलासोबत मिरवतो आणि उत्कृष्ट वेशभूषेला वाचनालयातर्फे कंपासपेटी मिळते. तुमच्यापैकी दोघं तर परीक्षक असता.

फॅन फिक्शन म्हणजे तरी काय? आवडलेल्या गोष्टीत मूळ लेखकानं जे लिहिलं नाही ते आपण लिहायचं. जात्यावरच्या ओव्यांतली सीता वनवासाबद्दल जे बोलते ते वाल्मीकींनी लिहिलेलं नाही. पहाटे दळण दळणाऱ्या बायांनी तिला बोलायला लावलं, स्वतःचं दुःख तिच्या तोंडी घातलं. त्या बायांना कोणी विसंगत म्हटलं नाही.

इथं एक गंमत सांगते, ठरावाशी तिचा संबंध नाही, पण मला राहवत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याच्याच आधारावर आपल्या वाचनालयाला मान्यता आहे, वर्ग आहे, अनुदान आहे. त्याच १९६७ साली अमेरिकेत एका अंतराळ मालिकेच्या चाहत्यांनी फक्त त्या मालिकेला वाहिलेला पहिला घरगुती अंक काढला. अशा अंकांत लिहिणाऱ्यांमध्ये बायकांचा भरणा मोठा. पुढं सत्तरच्या दशकात त्यांच्यातल्याच काहींनी मालिकेतल्या दोन पुरुष पात्रांचं एकमेकांवर प्रेम आहे असं धरून गोष्टी लिहिल्या, आणि त्या गोष्टी टपालानं, ओळखीओळखीनं, थोड्या लपतछपत फिरल्या. आज तेच लेखन आर्काइव्ह ऑफ अवर ओन नावाच्या इंटरनेटवरच्या संग्रहात जमतं. तो २००९ साली सुरू झाला, स्वयंसेवक चालवतात, जाहिरात नाही, वर्गणीची सक्ती नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. म्हणजे तुम्ही ज्याला "इंटरनेटवरचा रिकामटेकडेपणा" म्हणालात, ते जगातलं एक मोठं हौशी वाचनालयच आहे.

आणि त्या वाचनालयाकडून आपण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ठरावातलं दुसरं कारण "अश्लील मजकूर". कादंबरीत चुंबनं आहेत. पुढं दार लागतं आणि प्रकरण संपतं. आपल्या रॅकवरच्या जुन्या रहस्यकथांची नुसती मुखपृष्ठं काढून पाहा, मग बोलू. पण समजा, कोणाला तेवढंही नको आहे. त्या संग्रहात प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं : सर्वांसाठी, किशोरांपासून पुढं, प्रौढांसाठी, त्याहून उघड. आत काय आहे त्याच्या खुणाही असतात. ज्याला नको तो पुढं जातो. नको असलेलं वाचायची सक्ती कोणावर होत नाही, आणि एकाला नको म्हणून दुसऱ्याच्या हातातलंही कोणी काढून घेत नाही. तुम्ही ही कादंबरी प्रौढ विभागात ठेवा, पाठीवर लाल पट्टी चिकटवा, माझी हरकत नाही. बाल विभागात ठेवा असं मी म्हणालेच नव्हते.

"शासनाचा पैसा" या तिसऱ्या कारणावर फार वेळ घालवत नाही. मागणी वहीत लिहिलेलं पुस्तक परवडलं तर घ्यायचं, ही आपलीच जुनी पद्धत. शासनमान्य यादीबाहेरची पुस्तकं आपण दर वर्षी घेतो, यंदाही घेतली. त्यातलं एक मंडळातल्याच एका सदस्याच्या व्याह्यांचं आहे आणि त्याच्या पाच प्रती आहेत. त्याची देवघेवही एकदा मोजून पाहावी.

शिवाय इंग्रजी वाचा, इंग्रजी सुधारा, असं दर प्रजासत्ताक दिनी पोरांना तुम्हीच सांगता. माझ्या वर्गातल्या काही पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक संपवलं ते हे. मोबाइलवर शब्द शोधत, एकमेकांना विचारत, अडलं तिथं माझ्याकडे येत. व्याकरणाच्या पुस्तकानं हे कधी झालं नव्हतं.

आता नोंदवहीकडे येते. माझा खरा राग तिथं आहे.

वाचकानं काय नेलं याची नोंद आपण ठेवतो ती पुस्तक परत यावं म्हणून. एवढाच त्या वहीचा उपयोग. तुम्ही ती वही सभेच्या टेबलावर ठेवली, बोट फिरवत नावं वाचली, कोणी तरी प्रत्येक नावापुढं "हा अमक्याचा" असं सांगितलं, आणि मग फोन झाले. "तुमचं पोट्टं असली पुस्तकं नेते, लक्ष ठेवा जी." फोन करणाऱ्याला वाटलं असेल, आपण गावाचं भलं करतोय. त्याचं पुढं काय झालं तेही ऐका. घरं ओळखू येतील असं काही मी इथं लिहिणार नाही, तुम्ही केलं ते मी करणार नाही. एका घरात मुलाचा मोबाइल काढून घेतला. एका मुलीचं वाचनालयात येणं बंद झालं. ती कादंबरीसाठी येतच नव्हती, ती आपल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करत होती. कादंबरी मधल्या सुट्टीत सहज नेली होती. आता घरी अभ्यासाला जागा नाही आणि इथं यायला परवानगी नाही. आणि एका घरात मुलाला नागपूरला डॉक्टरकडे नेऊन "इलाज" करायचं चाललं आहे. हा सल्ला तुमच्यातल्याच एकानं दिला.

त्या सदस्यांसाठी थोडी माहिती. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असा "इलाज" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. म्हणजे तुम्ही सुचवलेलं काम कोणी डॉक्टर करायला तयार झाला, तर चौकशी त्याची व्हायला हवी. आणि तो मुलगा तसा आहे की नाही, हे तुम्हाला कुठं माहीत आहे? त्यानं एक पुस्तक वाचलं, इतकंच तुम्हाला माहीत आहे. खुनाच्या रहस्यकथा नेणाऱ्यांच्या घरी तुम्ही कधी फोन केला नाही.

बैठकीनंतर मलाही विचारलं गेलं, "मॅडम, तुम्ही पण त्यातल्याच काय?" याचं उत्तर देणं मला बंधनकारक नाही. आणि उत्तर काहीही असलं तरी माझ्या वर्गणीच्या पावतीत फरक पडत नाही.

कायद्याचं बोलायचं तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच वर्षी ६ सप्टेंबरला पाच न्यायाधीशांच्या पीठानं दोन प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढलं, आणि न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या लोकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना झालेल्या त्रासाबद्दल इतिहास त्यांची माफी मागायला बांधील आहे. बैठकीत एका सदस्यानं लग्नाचा मुद्दा काढला. खरं आहे, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण कादंबरी घरी न्यायला लग्नाचा दाखला लागतो, असा नियम आपल्या वाचनालयात कधीपासून झाला?

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे पत्र थोडं अतिच वाटेल. एक प्रत काढली तर काढली, विकत घ्यावी, मोबाइलवर वाचावी. इथं राहणाऱ्याला मात्र ठाऊक आहे. पुस्तकांचं बरं दुकान नागपूरला. नागभीडहून जाणारी छोटी रेल्वे २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून बसचे धक्के. घरपोच मागवलं तर पार्सल अंगणात येतं आणि बाप किंवा मोठा भाऊ आधी फोडतो. मोबाइल बऱ्याच घरात सगळ्यांचा मिळून एक, त्यात काय काय उघडलं ते कोणीही बघतं. स्वतःची खोली कोणाला आहे? वाचनालयाची मागची बाकं, खिडकीजवळचा पंखा, एवढीच जागा, जिथं अठरा-वीस वर्षांचं पोरगं कोणाला न सांगता एखादं पुस्तक उघडून, इथं माझ्यासारखं कोणी आहे का, हे पाहू शकतं. शहरात असं पुस्तक रॅकवर नसेल तर गैरसोय होते. इथं नसेल तर ते नसतंच. तुम्ही नोंदवही उघडलीत तेव्हा एका कादंबरीपुरतं काही केलं नाहीत. उद्या लैंगिक आरोग्यावरचं पुस्तक, घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक, आंतरजातीय लग्नाची कादंबरी, यातलं काहीही नेताना प्रत्येक पोरगी आधी विचार करेल की हे घरी कळेल का.

देवघेवीच्या टेबलामागच्या भिंतीवर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं रंगवलेली आहेत. त्यांनी ती १९३१ साली मांडली. दर बारा ऑगस्टला तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता, मागच्या वर्षी भाषणही चांगलं झालं. त्यातलं दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ठराव झाला तेव्हा तुमच्या खुर्च्या त्याच भिंतीला टेकलेल्या होत्या.

ग्रंथपाल ताईंबद्दलही लिहायलाच हवं. तुटपुंज्या मानधनावर, तेही अनुदान आलं की मग, अशा पद्धतीनं त्या वर्षानुवर्षं हे वाचनालय सांभाळतात. वही द्यायला त्या तयार नव्हत्या, हे मला बाहेरून कळलं, त्या स्वतः एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली गेली. कारण तर त्यांनी आधीच दाखवलं होतं, वाचकांची नावं अशी उघड करायची नसतात. सबंध बैठकीत वाचनालय चालवायची अक्कल एकट्या त्यांच्याकडे दिसली.

माझ्या मागण्या अशा आहेत. कादंबरी कपाटातून काढून परत देवघेवीत आणावी. प्रौढ विभागात आणली तरी चालेल. वाचकांची नावं काढून केलेली यादी फाडून टाकावी, आणि देवघेवीची नोंदवही ग्रंथपालांखेरीज कोणी पाहणार नाही, असा लेखी ठराव करून तो सूचनाफलकावर लावावा. ज्या घरी फोन गेले तिथं अध्यक्षांनी स्वतः जाऊन सांगावं की वाचनालयाकडून चूक झाली आणि तुमच्या मुलानं काही वावगं केलेलं नाही. फोनवर नको, जाऊनच. त्या मुलीला अभ्यासिकेत परत बोलवावं, तिची वर्गणी संपली असेल तर मी भरते. ग्रंथपाल ताईंची नोटीस मागं घ्यावी. यापुढं एखादं पुस्तक काढायचंच असेल तर हरकत घेणाऱ्यानं ते पूर्ण वाचून लेखी कारण द्यावं, आणि निर्णय होईस्तोवर पुस्तक रॅकवरच राहावं. आणि जमलं तर नागपूरच्या सारथी ट्रस्टच्या कोणाला तरी एकदा बोलायला बोलवावं. ते समलिंगी लोकांच्या प्रश्नांवर काम करतात. पालकांनाही बसवा, तुम्हीही बसा. प्रश्न विचारा, अवघड विचारा.

यातली शेवटची सोडली तर एकाही मागणीला पैसा लागत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी या पत्रासोबत कार्यालयात देत आहे. त्याची पोच द्यावी. बैठकीच्या इतिवृत्ताची प्रतही सभासद म्हणून मागितली आहे, ती सभेच्या आधी मिळावी. तुम्ही काही जण मला लहानपणापासून ओळखता, एक-दोघांनी मला शाळेत शिकवलं आहे. तुमच्याबद्दलचा आदर आहे तसाच आहे. पण या वेळी तोंडी समजावणीसाठी घरी कोणाला पाठवू नका. उत्तर लेखी द्या.

कळावे,

आपली,
एक आजीव सभासद